बातमीदार

नदी आटायला लागली की तात्यांचं वर्ष सुरू व्हायचं. इतरांची शेतं पावसावर, तात्यांचं शेत पाऊस गेल्यावर. पाणी मागे सरकून मधली वाळू उघडी पडली की ते काठीने रेघा ओढत, त्या रेघांवर हातभर खोल चर खणत आणि खाली ओल लागली की थांबत. मग तळाला कुजकं शेणखत घालून त्यावर कलिंगडाचं बी टोचायचं. वेल वर आले की वाऱ्याबरोबर उडणाऱ्या वाळूने पानं भाजू नयेत म्हणून गवताच्या पेंढ्यांचे आडोसे उभे करायचे. पुढच्या पुरात सगळं पुसलं जायचं. इतकी वर्षं एकाच जागी राबूनही त्या वाळूचा कागद कुणाच्या नावावर नव्हता. "नदीची जमीन आहे. ती भाडं मागत नाही, आपणही हक्क सांगू नये," असं तात्या म्हणायचे.

घरात माणसं मोजकीच होती. तात्या, त्यांची बायको, एकुलता एक मुलगा, सून आणि दुडदुडणारी नात. मुलाला सगळे भोपळ्या म्हणायचे. लहानपणी पाठीला वाळका भोपळा बांधून तो पोहायला शिकला आणि पोहायला यायला लागल्यावरही कितीतरी दिवस तो भोपळा सोडायला तयार नव्हता, तेव्हापासून ते नाव चिकटलं. आता तो बापापेक्षा वीतभर उंच झाला होता, पण नाव काही उतरलं नव्हतं.

त्या वर्षी वाळूचा ठेकेदार खाली सरकला. आधी तो वरच्या वळणावर उपसा करायचा. तिथली वाळू खरवडून संपली तशी त्याची यंत्रं तात्यांच्या कलिंगडाच्या वाडीच्या कडेला येऊन उभी राहिली. डंपर दिवसभर ये-जा करायचे. काठाकाठाने वाट होती, पण ती लांबची. एका सकाळी डंपरवाल्याने जवळची वाट धरली ती थेट वाडीतून. दोन ओळी चाकांखाली गेल्या. मुठीएवढी फळं धरली होती, ती फटाफट फुटली. आतला गर अजून पांढराच होता.

भोपळ्याने धावत जाऊन डंपरवाल्याची गचांडी धरली. त्याला खाली ओढतोय तोवर यंत्रावरचे चौघे उतरून आले. त्यांनी त्याला तुडवलं ते तुडवलंच, वर चिरडलेली फळं त्याच्याच हातांनी गोळा करून डंपरमध्ये टाकायला लावली. "आमच्या चाकांना चिकटलीत ना तुझी फळं, मग साफ कोण करणार?" त्याच्या ओठातून रक्त गळत होतं आणि तो वाकून वाकून सालं वेचत होता. सून तोंडात पदर कोंबून उभी होती.

आणि तात्या? तात्यांनी हात जोडले होते. "लेकरू आहे मालक, चुकलं त्याचं. पुन्हा नाही होणार." तुडवलेली वाडी तात्यांची, फुटलेला ओठ त्यांच्या मुलाचा, आणि माफीही तेच मागत होते. वाकलेल्या भोपळ्याने मान वर करून बापाच्या त्या जोडलेल्या हातांकडे एकदा पाहिलं. मग पुन्हा खाली बघून तो सालं वेचायला लागला.

त्या दिवसापासून बापलेकांमधलं बोलणं पाण्याच्या डब्यांपुरतं उरलं. "हा भर", "तो दे", "ऊन चढलं." भोपळ्या कामाला कमी पडला नाही, उलट दुप्पट राबला. एका बाजारच्या दिवशी मात्र तो फळं न घेताच गेला आणि दिवस मावळायला परत आला. कुठे गेला होता, कुणी विचारलं नाही. तात्यांनी मनाशी म्हटलं, ठेच लागली, पोरगा शहाणा झाला.

वारा फिरला तेव्हा आडोसे दुसऱ्या बाजूला करायला हवे होते. तात्या वाडीवरच्या खोपटातल्या गंजीतून पेंढ्या काढायला गेले. एक पेंढी हाताला जड लागली. ती सोडून बघतात तर आत नातीचा आखूड झालेला पिवळा झगा, आणि झग्यात गुंडाळलेला गावठी कट्टा. नळीचा तुकडा, लाकडाची मूठ, मुठीला काळी पट्टी. तेलाचा वास येत होता. तात्यांनी उभ्या आयुष्यात असली वस्तू हातात धरली नव्हती. त्यांना वाटायचं, बंदूक म्हणजे मणभर वजन असेल. ही तर खुरप्याहून थोडीशीच जड होती.

बायको चरात बसून वेलांवरची जास्तीची फळं खुडत होती. तात्यांनी तिला खोपटात बोलावून झगा उघडून दाखवला. तिने छातीवर हात ठेवला, पण ओरडली नाही.

"डोहात टाका," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. आणि मग त्याच्याशी बोला."

"टाकतो."

"बोलाल ना?"

"बोलतो म्हटलं ना."

ती पुन्हा चराकडे गेली. तात्या पेंढी घेऊन तसेच बसून राहिले. डोहात टाकली, तर तो दुसरी आणेल. विचारलं, तर खोटं बोलेल, नाहीतर अंगावर येईल. असे हिशेब त्यांनी बरेच केले, पण खरी गोष्ट वेगळी होती. हात जोडल्या दिवसापासून त्यांनी मुलाच्या डोळ्याला डोळा दिला नव्हता. आता तो द्यायचा, तर आधी त्या जोडलेल्या हातांबद्दल बोलावं लागलं असतं. ते त्यांना झेपणारं नव्हतं. त्यापेक्षा तिसऱ्याच माणसाला सांगणं सोपं होतं.

चौकीवरचा जमादार दरवर्षी वाडीवर यायचा. कलिंगडावर टिचकी मारून आवाज ऐकायचा आणि नेमकं पिकलेलं उचलायचा. पैसे द्यायला खिशात हात घालायचा आणि तात्या "असू द्या हो" म्हणेपर्यंत तो हात खिशातच ठेवायचा. लहानपणी भोपळ्याला त्याने खांद्यावर बसवून पाण्यातून नेलं होतं. तात्या त्याच्याकडे गेले, आणि तोंडाला कोरड पडेपर्यंत बोलले.

"दोन कानाखाली द्या. एक दिवस बसवून ठेवा. घाबरला की सोडून द्या. माझं नाव मात्र सांगू नका."

जमादाराने सगळं शांतपणे ऐकलं. "बरं झालं माझ्याकडे आलात. पोरगा मलाही घरच्यासारखा आहे. वस्तू होती तिथेच ठेवा, हात लावू नका. मी बघतो."

परतताना तात्यांचं अंग हलकं झालं होतं. वाटेत त्यांनी नातीसाठी गोळ्या घेतल्या. पेंढी पुन्हा बांधून गंजीत होती तिथेच, वरून तिसरी, सरकवली. बायकोने विचारलं, "टाकलं?" ते म्हणाले, "हो."

दुसऱ्या दिवशी ऊन जरा वर आलं आणि जीप वाळूत उतरली. जमादार होता, पण मागे बसलेला. पुढून उतरला तो नव्याने बदलून आलेला तरुण साहेब, आणि त्याच्याबरोबर पंच म्हणून आणलेली दोन अनोळखी माणसं. भोपळ्या दोन्ही हातांत पाण्याचे डबे घेऊन चरावर उभा होता. साहेबाने त्याचं नाव विचारून घेतलं आणि "झडती घ्यायची आहे" म्हणाला.

झडती म्हणजे आधी चूल उचकतात, अंथरुणं झटकतात, भांडी पालथी करतात. इथे तसं काहीच झालं नाही. शिपाई सरळ गंजीपाशी गेला, वरच्या दोन पेंढ्या बाजूला केल्या आणि तिसरी ओढली. पिवळा झगा वाळूवर उलगडला. सुनेच्या तोंडून बारीक आवाज निघाला. तात्यांच्या बायकोने झग्याकडे पाहिलंच नाही. तिने पाहिलं ते नवऱ्याकडे, आणि मग जमादाराकडे. जमादार पट्टा वर ओढत नदीच्या पलीकडचं काहीतरी बघत होता.

भोपळ्याने डबे खाली ठेवले. पाणी सांडू दिलं नाही. हाताला दोरी बांधत असताना तो बापाकडे वळून म्हणाला, "तात्या, खालच्या ओळीला पाणी राहिलंय."

जीप गेल्यावर बायको एवढंच म्हणाली, "सांगितलं होतं तुम्हाला, डोहात टाका." त्या विषयावर ती पुन्हा कधी बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं तात्यांना पुढे कितीदा तरी वाटलं.

चौकीत तात्यांनी जमादाराला कोपऱ्यात गाठलं. "अहो, दोन कानाखाली म्हटलं होतं मी."

"साहेब बरोबर आले ना," जमादार हळूच म्हणाला. "खबर मिळाली की वर कळवावीच लागते. मी एकटा आलो असतो आणि उद्या काही घडलं असतं, तर माझी नोकरी गेली असती. आता कानाखालीचं काम राहिलं नाही तात्या, आता कोर्ट." मग तात्यांच्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, "तुमचं नाव कुठेही नाही हां. 'गुप्त बातमीदाराकडून खबर मिळाली' असं लिहिलंय. तुम्ही निर्धास्त राहा."

त्याने मोठा उपकार केल्यासारखं ते सांगितलं. तात्यांनी सवयीने मान डोलावली.

कोर्टाच्या व्हरांड्यात माणसं भिंतीला टेकून बसली होती. शिपाई दारात येऊन एकेक नाव पुकारायचा. एक नाव त्याने तीनदा पुकारलं. तात्यांनी इकडेतिकडे पाहिलं, कोण बिचारा वेळेवर आला नाही. सून म्हणाली, "अहो मामंजी, यांचंच नाव आहे ते!" मुलाचं पाळण्यातलं नाव बापाच्या कानावरून तसंच निघून गेलं होतं. आत जाईपर्यंत भोपळ्या पिंजऱ्यात उभा होता, आणि पोलीस कोठडी द्यावी असं सरकारी वकील सांगत होते. कट्टा कुणाकडून आणला, याचा तपास करायचा आहे म्हणून. न्यायाधीशांनी भोपळ्याला विचारलं, मारहाण झाली का? तो नाही म्हणाला. त्यांनी खाली मान घालून लिहिलं. चहा उकळायला लागतो तेवढ्या वेळात सगळं उरकलं.

वकील मिळाली ती एक बाई. धान्याच्या दुकानावरच्या खोलीत तिचं ऑफिस होतं. जिना इतका अरुंद की वरून कुणी उतरत असेल तर खालच्याने परत खाली उतरायचं. तिला कायमचा खोकला होता आणि डबा ती उभ्याउभ्याच खायची. पण विचारायची नेमकं.

"हत्याराच्या खटल्यात काय बघतात सांगते. वस्तू सापडली कुठे, तिच्यावर ताबा कुणाचा आणि त्या माणसाला ती तिथे आहे हे ठाऊक होतं का. तुमचं खोपट उघडं. दार नाही, कडी नाही. कुणीही येऊन ठेवू शकतं. त्यातून ठेकेदाराशी मारामारी झालेली." तिने पेन खाली ठेवलं. "पोलीस सरळ गंजीकडे गेले ना? मग ज्याने ठेवलं, त्यानेच खबर दिली. मी हेच मांडणार. तुम्हाला साक्षीला उभं करीन. ठेकेदाराच्या माणसांनी काय केलं ते तुम्ही सांगायचं."

सून हुंदके देत मान हलवत होती. तात्या जिन्याकडे बघत होते.

ही गोष्ट गावभर व्हायला वेळ लागला नाही. ठेकेदारानेच कट्टा ठेवला आणि ठेकेदारानेच धरून दिलं. ठेकेदार एरवीच कुणाला आवडत नव्हता, त्यामुळे पुरावा कुणी मागितला नाही. चहाच्या टपरीवर तात्या गेले की लोक सरकून जागा द्यायचे, चहाचे पैसे देऊ द्यायचे नाहीत. "बापाच्या काळजाला काय होत असेल," असं कुणीतरी म्हणायचंच. तात्या तो फुकटचा चहा प्यायचे. न पिण्याचं कारण काय सांगणार? चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तात्यांच्या मनात भर दुपारचं ऊन होतं, आणि त्या उन्हात ते एकटेच उभे होते.

वाडीला दोघी बायका पाणी घालत होत्या. तात्यांचे कोर्टाचे हेलपाटे सुरू झाले, तशी खालची ओळ आधी वाळली, मग मधली. उरलेली फळं ऊन लागून एका बाजूने पांढरी पडली. बाजारात त्यांना कुणी हात लावला नाही.

तुरुंगात भेटीची खोली होती. मधे दोन जाळ्या, त्यांच्यात हातभर अंतर, अलीकडे घरची माणसं, पलीकडे कैदी. सगळे एकाच वेळी बोलणार, म्हणजे ओरडणार. कुणाची म्हैस व्यायली, कुणाचा बाप गेला, सगळं एकाच पट्टीत. भोपळ्याचे केस बारीक कापले होते. गालाची हाडं वर आली होती. त्याला पाहून तात्यांनी ठरवलं, आजच सांगून टाकायचं.

"तात्या!" तोच आधी ओरडला. "त्या वस्तूचं ऐका! मी ती परत द्यायला निघालो होतो!"

"काय?"

"परत द्यायला! रागाच्या भरात आणली होती! हिला कळलं, तर ही म्हणाली, घरात हे राहणार असेल तर मी मुलीला घेऊन जाते! म्हटलं, येत्या बाजारी परत देतो! दोन दिवस राहिले होते फक्त!"

तात्यांनी जाळी घट्ट धरली. शेजारचा माणूस आपल्या बायकोला बैलाच्या पायाबद्दल काहीतरी ओरडून सांगत होता.

"ज्याने खबर दिली ना," भोपळ्या ओरडला, "मी बाहेर आलो की भेटेलच तो मला!"

"मी..." तात्या म्हणाले.

"काय? ऐकू नाही आलं!"

"मी..." त्यांनी श्वास घेतला. ती गोष्ट कानात सांगायची होती, जाळीतून ओरडायची नव्हती. "मी वेलांना पाणी घातलं!"

भोपळ्याने हसून मान हलवली. शिपायाने शिट्टी मारली.

तात्या तिथून घरी गेले नाहीत. वकीलबाईंच्या अरुंद जिन्याने वर गेले. ती डबा खात होती. त्यांनी खुर्चीवर बसायचं नाकारलं, दाराशीच उभे राहिले आणि झग्याच्या गाठीपासून जमादाराच्या खांद्यावरच्या हातापर्यंत सगळं सांगितलं. ती घास चावायची थांबली.

"तुम्ही?" एवढंच ती म्हणाली.

बराच वेळ ती खोकत राहिली, मग पाणी प्यायली. "हे माझ्याकडेच राहील. कुणाला सांगायला मी बांधील नाही, उलट न सांगायला बांधील आहे. पण आता मला असं म्हणता येणार नाही की ठेकेदाराने ठेवलं. काल म्हणता आलं असतं, कारण मला ठाऊक नव्हतं. आणि तुम्हाला साक्षीलाही उभं करता येणार नाही. तिथे उभं राहून तुम्ही खोटं बोलणार हे ठाऊक असताना मी कसं उभं करू?"

"म्हणजे मी सांगायलाच नको होतं का?"

वकीलबाईंनी डब्याचं झाकण लावलं. "सांगायला हवं होतं, तात्या. पण इथे नाही. जमादाराकडेही नाही."

त्या काय म्हणतायत ते तात्यांना कळलं. कळायला उशीर झाला नव्हता, ते आधीपासूनच कळत होतं.

जामीन वरच्या कोर्टात झाला. पहिलाच गुन्हा, हत्यार कुणावर चालवलेलं नाही, वस्तू जप्त झालीच आहे, घरात लहान मूल आहे, असं वकीलबाईंनी मांडलं. आठवड्याला चौकीवर हजेरी द्यायची आणि ठेकेदाराच्या माणसांच्या वाटेला जायचं नाही, या अटींवर भोपळ्या सुटला. तोवर वाडीचा हंगाम संपला होता. ठेकेदाराच्या यंत्रांनी ती वाळूही खरवडून नेली होती. जिथे खालची ओळ होती तिथे दोन पुरुष खोल खड्डा झाला होता आणि त्यात हिरवट पाणी साचलं होतं.

एसटीतून उतरल्यावर बापलेक काठाकाठाने चालत होते. भोपळ्या त्या खड्ड्यापाशी थांबला. खडा उचलून त्याने पाण्यात टाकला. तात्यांना वाटलं, आता नाही तर कधीच नाही.

"खबर ठेकेदाराने दिली नव्हती."

"मग?"

"मी दिली."

भोपळ्या वळला नाही. पाण्यातली वर्तुळं काठाला लागून विरेपर्यंत तो तसाच उभा होता. मग त्याने अगदी साध्या आवाजात एकेक विचारायला सुरुवात केली. कधी सापडलं? कुणी पाहिलं? आईला ठाऊक होतं? जमादाराला काय शब्दांत सांगितलंत? पुन्हा पेंढीत तुम्हीच ठेवलंत? तात्या उत्तरं देत गेले. कोठडीतल्या साहेबानेही त्याला असंच विचारलं असेल, असा विचार त्यांच्या मनात येऊन गेला.

"मला का नाही विचारलंत?"

"तू खोटं बोलला असतास."

"बोललोच असतो," भोपळ्या म्हणाला. "पहिल्यांदा विचारल्यावर कोण खरं सांगतो? दुसऱ्यांदा विचारायचं होतं."

तात्यांना खूप काही सांगायचं होतं. ते जोडलेले हात तुझ्यासाठीच होते, चौघांसमोर दुसरं काय करणार होतो, तू मरशील असं वाटलं. पण तोवर भोपळ्या पिशवी खांद्यावर टाकून पुढे चालायला लागला होता.

त्याने घरात कुणाला सांगितलं नाही. आईसमोर, बायकोसमोर तो बापाशी पूर्वीसारखाच वागायचा, किंबहुना जास्तच अदबीने. पाणी आणून द्यायचा, पायताण सरळ करून ठेवायचा. पाहुण्याशी वागावं तसं. दोघे आता लोकांच्या शेतावर मजुरीला जायचे. मुकादम दोघांना शेजारच्या ओळी द्यायचा, आणि दिवसभर शेजारी शेजारी वाकूनही एक शब्द व्हायचा नाही. पूर्वी भोपळ्या रागावला की तोंड फिरवायचा, भांडी आपटायचा. तात्यांना आता त्या आदळआपटीची आठवण यायची.

खटला उभा राहायला दुसरा उन्हाळा उजाडला. पहिला पंच फुटला. आपण चौकीतच सही केली, नदीवर गेलोच नाही, असं तो म्हणाला. वकीलबाईंच्या चेहऱ्यावर त्या दिवशी पहिल्यांदा रंग चढला. दुसऱ्या दिवशी जमादाराची साक्ष होती. व्हरांड्यातल्या बाकावर त्यांनी भोपळ्याला समजावलं. तात्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला होते.

"आज सगळं जमादारावर आहे. मी त्यांना बातमीदारावरच धरणार. खबर कधी आली, कशी आली, बातमीदाराला तिसऱ्या पेंढीतलं कसं ठाऊक. नाव सांगायला कायद्याने ते बांधील नाहीत, सांगणारही नाहीत. पण चाचरतील. बातमीदार खरंच होता की गोष्ट रचली, एवढी शंका कोर्टाच्या मनात आली तरी आपलं काम झालं."

"आणि चाचरताना नाव सांगून बसले तर?" भोपळ्याने विचारलं.

वकीलबाईंनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून तात्यांकडे पाहिलं. "होऊ शकतं. माणूस कोंडीत सापडला की काहीही बोलतो."

आत दारापाशी भोपळ्याची आई नातीला घेऊन बसली होती. गावातली पाच-सहा माणसं मुद्दाम आली होती. टपरीवालाही होता.

"मग ते नाही विचारायचं," भोपळ्या म्हणाला.

"अरे, पण तोच तर..."

"नाही विचारायचं, मॅडम. बाकी काय ते विचारा."

"तुला शिक्षा होऊ शकते. कळतंय ना?"

"कळतंय."

तो हळू आवाजात बोलत होता, पण बाकाच्या टोकापर्यंत सगळं ऐकू येत होतं. तात्या उठून म्हणू शकले असते, विचारा, सांगू द्या त्याला माझं नाव. ते उठलेही. तेवढ्यात दारातून पुकारा झाला आणि भोपळ्या आत गेला. जाताना त्याने बापाच्या दंडाला धरून त्यांना पुन्हा बाकावर बसवलं. म्हाताऱ्या माणसाला बसमध्ये बसवतात तसं.

जमादार साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता. वकीलबाईंनी त्याला कट्ट्याच्या पुडक्यावरची मोहोर विचारली, वेळ विचारली, जीपची नोंद विचारली. बातमीदारावर त्या आल्याच नाहीत. जमादाराला ते उमगेना. प्रत्येक प्रश्नानंतर तो पुढच्याच्या धास्तीने गळ्याशी हात न्यायचा. "आणखी काही विचारायचं नाही," असं त्या म्हणाल्या तेव्हा त्याने रुमाल काढून तोंड पुसलं आणि खाली उतरला. बाहेर येऊन तात्यांच्या बाकाजवळून जाताना तो क्षणभर घुटमळला, पण थांबला नाही.

निकाल पुढच्या तारखेला लागला, आणि तो थोडक्यात होता. पंच फुटला तरी झडतीला साहेब हजर होते, मोहोर शाबूत होती, आणि वस्तू आरोपीच्याच मुलीच्या कपड्यात गुंडाळलेली होती. बाहेरच्या कुणी आणून ठेवली म्हणावं, तर त्याच्याकडे तो झगा कुठून आला? ताबा आणि जाणीव दोन्ही सिद्ध होतात. पहिलाच गुन्हा आणि वय पाहून दीड वर्षं, आत काढलेले महिने वजा.

सून मटकन खाली बसली. सासूने तिला कवेत घेतलं. गावची माणसं ठेकेदाराच्या नावाने बोटं मोडत बाहेर पडली, आणि टपरीवाला तात्यांच्या पाठीवर हात फिरवून गेला. तात्या त्या हाताखाली मान घालून उभे राहिले.

नात दुपारपासून भोपळ्याच्या खांद्यावर झोपली होती. निकालाला उभं राहतानाही त्याने तिला खाली ठेवलं नव्हतं आणि न्यायाधीशांनी हरकत घेतली नव्हती. आता शिपाई दोरी घेऊन जवळ आला. भोपळ्याने बायकोकडे पाहिलं, तिला भान नव्हतं. आईकडे पाहिलं, तिचे दोन्ही हात गुंतले होते. मग तो तात्यांकडे आला.

"धरा," तो म्हणाला.

खड्ड्याच्या काठावरच्या त्या दिवसानंतर, लोकांना दाखवायला नसलेला, हा पहिलाच शब्द.

तात्यांनी हात पुढे केले. भोपळ्याने मुलीला अलगद त्यांच्या खांद्यावर सरकवलं, तिचं डोकं नीट टेकवलं आणि तिचा लोंबता पाय बापाच्या दंडाखाली घेऊन दिला.

"जागी झाली की आधी पाणी द्या. मग रडत नाही ती."

"बरं," तात्या म्हणाले.

"आणि मी कुठे गेलो असं विचारलं तर खरं सांगा."

शिपायाने दोरी बांधली. भोपळ्या व्हरांड्यातून चालत गेला, कोपऱ्यावर वळला आणि दिसेनासा झाला. तात्यांचा खांदा भरून आला होता. पण पोर जागी होईल या भीतीने त्यांनी तिला दुसऱ्या खांद्यावर घेतलं नाही. खरं म्हणजे काय आणि ते कुठून सुरू करायचं, याची मनाशी जुळवाजुळव करत ते तिथेच उभे राहिले.